मशीन पाण्यातच राहू दे

बुडालेल्या होडीचं मशीन वर काढलं की जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "उन्हात ठेव, सुकू दे." सल्ला मायेचा असतो, पण बहुतेक वेळा मशीनचा जीव त्यानेच जातो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकणकिनाऱ्याला घासून गेलं. १ जूनपासूनची मासेमारीबंदी अजून लागायची होती, त्यामुळे पुष्कळ होड्या पाण्यातच होत्या. काही आपटून फुटल्या, काही बुडाल्या. फायबरची होडी सांधता येते. तिच्या मागच्या फळीला अडकवलेल्या आउटबोर्ड मशीनचा हिशेब मात्र तासांचा असतो, आणि ते तास मशीन बुडाल्यापासून नव्हे, वर आल्यापासून मोजायचे.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. तरी पाण्याखाली प्राणवायू बेताचा मिळतो, म्हणून गंजाची चाल मंद असते. वर आल्यावर मीठ, ओल आणि भरपूर हवा एकदम भेटतात, आणि क्रँकच्या पोलादी बेअरिंगवर तांबूस थर धरायला फार वेळ लागत नाही. म्हणून जाणकार सांगतात, आधी गोड्या पाण्याने धुवा. आणि मेकॅनिक उद्या येणार असेल तर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात पुन्हा बुडवून ठेवा. कालच समुद्राने गिळलेली वस्तू आज आपल्याच हाताने बुडवायची! मालकाच्या मनाला ते पटणं कठीण.

पुराणवस्तूंचे अभ्यासक हाच नियम पाळतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६४ साली बुडालेली 'हनली' ही लोखंडी पाणबुडी २००० मध्ये वर काढली, ती थेट टाकीतल्या गार गोड्या पाण्यात ठेवायला. पुढे २०१४ पासून तिच्या लोखंडात मुरलेलं मीठ काढण्यासाठी तिला अल्कलीच्या द्रावणात ठेवलं.

माणसाच्या दुःखालाही हाच नियम लागू पडतो. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. त्या घराला दुःखातून ओढून बाहेर काढायची घाई त्या दिवसांत कुणी करत नाही. आता मात्र तिसऱ्या दिवशीच "कामाला लाग, बरं वाटेल" असं सांगणारे वाढलेत. मला हा सल्ला उन्हात ठेवलेल्या मशीनसारखा वाटतो. दुःख तेच राहतं, पण भोवतालचं पाणी बदलता येतं.

मशीनकडे परत येऊ. बुडताना ते बंद होतं की चालू, हा मेकॅनिकचा पहिला प्रश्न असतो. बंद असेल तर आशा बरीच. चालू असेल तर त्याने श्वासाबरोबर पाणी आत ओढलेलं असतं, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. पिस्टनने जोर केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग मशीन खोलण्याला पर्याय नाही. म्हणूनच प्लग न काढता "एकदा दोरी ओढून तर बघू" म्हणणारा हौशी माणूस जवळ असणं धोक्याचं. आधी प्लग काढायचे, भोकं खाली येतील असं मशीन आडवं करायचं आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवून पाणी गाळायचं. मध्ये कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही. आत वाळू असेल, नाहीतर रॉड वाकलेला. कार्बोरेटर रिकामा करायचा, प्लगच्या भोकांतून थोडं ऑईल सोडायचं, वायरिंग सुकवायचं, टाकीत ताजं पेट्रोल घ्यायचं.

एवढं करून मशीन सुरू झालं की किनाऱ्यावर टाळ्या पडतात आणि खरी चूक तेव्हाच होते: दोन मिनिटांत ते बंद करतात. पाणी भरलेल्या पिंपात उभं करून ते निदान अर्धा तास चालू ठेवायला हवं, तरच आतली उरलेली ओल उष्णतेने जाते आणि ऑईल सगळीकडे पोचतं. त्यानंतरही बेअरिंगचा भरवसा लगेच धरू नये. पुढचे काही आठवडे किनारा दिसेल इतक्याच अंतरावर जावं, आवाज बदलला की परतावं, आणि दोन वल्ही होडीत असू द्यावीत.