मौन म्हणजे संमती नव्हे



१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. अंगावर जखमा नाहीत, म्हणून संमती मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांना सोडले. १९८० मध्ये तरुण भगिनी रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्री ‘संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले.

ज्या देहावर इष्टलिंग विराजते, तो देह शिवाचे मंदिर. बसवादी शरणांनी स्त्रीलाही ते दिले. मग तिच्या देहावर दुसऱ्याची मालकी कशी? लेक रडत घरी आली, तर ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ असे विचारू नका. आधी तिचे ऐका. तीही लिंगपूजाच.