ऑस्करचा सोमवार

आमचं घराणं मासे खाणारं. त्यामुळे मासा पाळतात ही कल्पना आमच्या आईला अजून पटलेली नाही. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीकडे बघून ती अधूनमधून "सहा तुकड्या निघतील" असा अंदाज देते. सबंध आयुष्य कोळणींशी घासाघीस करण्यात गेल्यामुळे तिचा अंदाज चुकत नाही.

मासा खरं म्हणजे आमच्या चिरंजीवांचा. क्रॉफर्ड मार्केटातून त्यांनी तो पिशवीत घालून आणला तेव्हा करंगळीएवढा होता. नाव ऑस्कर, मूळ गाव ॲमेझॉनचं खोरं. पुढे चिरंजीव होस्टेलला गेले आणि मासा माझ्या पदरात पडला. हा प्राणी फूटभर वाढतो, त्याला अडीचशे-तीनशे लिटर पाणी लागतं, हे दुकानदाराने सांगितलंच नव्हतं. पण त्याला तरी काय बोल लावायचा? १८३१ साली लुई ॲगॅसिझसारख्या शास्त्रज्ञाने या माशाचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा तो चक्क समुद्रातला समजला होता! टाकीपायी आमचा दिवाण गेला. दिवाणखाना हे नाव तेवढं राहिलं.

तरी जीव जडला. मी ऑफिसातून आलो की धावत काचेशी येणारा घरात तो एकटाच.

अडचण झाली जेवणाची. एका जाणकार शेजाऱ्याने सांगितलं, "जिवंत गप्पी सोडा, मग बघा मजा!" मी दहा गप्पी आणून सोडले. ऑस्करने तोंड उघडलं, मिटलं. नऊ उरले. मजा कसली, मला घाम फुटला. वास्तविक त्याच दुपारी मी दोन तळलेले बांगडे हाणले होते. त्यांनाही कुणीतरी मारलंच होतं. पण तो कुणीतरी मी नव्हतो. इथे पिशवी उलटी करणारा हात माझा. ऑस्करला बिचाऱ्याला पोटापलीकडे काही कळत नाही, म्हणजे पापाचा हिशेब माझ्याच खात्यावर!

"त्यात रडायचं काय?" सौ. म्हणाली. "हेच गप्पी नगरपालिका डासांच्या अळ्या खायला सोडते. अळ्यांसाठी कधी रडलात?"

आईचा मुद्दा निराळाच. "अरे, आज सोमवार! आपल्या घरात सोमवारी मासे खात नाहीत."

झालं, ऑस्करला उपास लागला. गंमत अशी की मोठ्या माशाला आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवलेलं मानवतं, असं पाळणारेही सांगतात. आईला हे सांगायची चूक मी केली. आता चतुर्थीचंही बघावं लागतं.

त्या दहांपैकी एक गप्पी फिल्टरच्या नळीमागे दडून तीन दिवस जगला. सकाळी चहाच्या आधी मी त्याची खबर घ्यायचो. दारात यम उभा, आणि हा आपला शेवाळ टिपतोय. चौथ्या दिवशी मला राहवेना. लोणच्याची रिकामी बरणी धुतली आणि त्याला अलगद बाहेर काढलं. ऑस्कर काचेआडून बघत होता. त्या दिवशी त्याच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही.

पुढे जिवंत मासे बंद केले. दयेपोटी केले म्हटलं तर चारचौघांत शोभलं असतं. पण खरं कारण, बाजारातल्या जिवंत माशांबरोबर रोग येतात आणि आपला मासा दगावतो. आता तो डब्यातल्या गोळ्या खातो. माझं मन शांत होतं, एकदा चष्मा लावून डब्यावरचा मजकूर वाचेपर्यंत. पहिलाच घटक, माशांचं पीठ! कुठल्या समुद्रातले, किती, ते मात्र लिहिलेलं नव्हतं. मी डबा फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

बरणीतला तो गप्पी 'ती' निघाली. एका सकाळी पाण्यात वीसेक पिल्लं वळवळत होती. पिल्लांना काय घालावं? कुणीतरी म्हणालं, डासांच्या अळ्या. रविवारी गच्चीवरच्या जुन्या पिंपातून मी वाटीभर अळ्या गाळून आणल्या, तेही शीळ घालत. सौ. दारात उभी राहून नुसतं बघत होती. एक शब्द बोलली नाही, हे तिचे उपकार.

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन बरणीकडे निघालो, तर आतून आईचा आवाज आला, "अरे, सोमवार आहे!"