ऌतकाचे आडनाव

अमेरिकेतील ब्रुकलिन येथे 1946 साली जन्मलेला कार्माइन ॲपिस आणि 1957 साली जन्मलेला त्याचा धाकटा भाऊ विनी हे दोघेही रॉक संगीतातील नामवंत ड्रमवादक असून, पहिल्याचे नाव 'व्हॅनिला फज' या वृंदाशी, तर दुसऱ्याचे 'ब्लॅक सबाथ' आणि 'डिओ' या वृंदांशी जोडलेले आहे. दोघांचे आईवडील एकच, आडनावाची रोमन अक्षरेही तीच. तरीही थोरला दुसऱ्या अवयवावर आघात देऊन 'अपीस' म्हणतो आणि धाकटा पहिल्यावर आघात देऊन 'ॲपिसी' म्हणतो. हे आडनाव मूळचे इटालियन असल्यामुळे त्या भाषेच्या नियमाने त्यातील शेवटच्या अवयवाचा उच्चार 'चे' असा व्हायला हवा, म्हणजे 'आप्पिचे'च्या जवळ जाणारे तिसरेच रूप समोर येते, आणि ते दोघांपैकी एकही भाऊ वापरत नाही. पहिल्या वाक्यात थोरल्याचे आडनाव लिहिताना जे चौथेच रूप वापरले गेले, ते रोमन अक्षरे पाहून मराठी वाचक सहज उच्चारील असे आहे आणि ते तर कोणाचेच नाही.

ड्रमवादकांच्या आडनावांचे शुद्ध उच्चार कोणते, हा प्रश्न वरवर कोशकाराचा वाटला तरी वस्तुतः तो नाम आणि नामी, म्हणजे नाव आणि ते धारण करणारी व्यक्ती, यांच्यातील संबंधाचा प्रश्न आहे. शुद्धतेचा निवाडा अक्षरांवर सोपवावा, तर अक्षरे साक्ष देत नाहीत. 'रश' या कॅनेडियन वृंदाचा नील पिअर्ट (1952–2020) याच्या आडनावातील स्वरचिन्हे इंग्रजीत 'पर्ल'मध्ये एक, 'हार्ट'मध्ये दुसरा, 'पेअर'मध्ये तिसरा आणि 'फिअर'मध्ये चौथा उच्चार घेतात. त्यामुळे असंख्य चाहते त्याला 'पर्ट' म्हणत राहिले, आणि लिखित रूपात त्यांना चुकीचे ठरवणारे काहीच नव्हते. निवाडा वंशावर सोपवावा, तर विनी कोलायूटा या दुसऱ्या एका ड्रमवादकाच्या आडनावातील 'टा' इटलीत दंत्य 'ता' होतो आणि त्याला स्वतःच्या आडनावाचा अशुद्ध उच्चार करणारा ठरवावे लागते. निवाडा व्युत्पत्तीवर सोपवणे तर हास्यास्पदच, कारण 'टोटो' वृंदातील जेफ पोर्कारो याच्या आडनावाचा मूळ अर्थ डुकरे राखणारा असा आहे आणि त्या अर्थाचा त्याच्या वादनाशी काडीचाही संबंध नाही.

भारतीय शब्दचिंतनात या प्रश्नाची चर्चा 'यदृच्छाशब्द' या संज्ञेखाली झाली आहे. जाती, गुण किंवा क्रिया यांपैकी कशाचाही आधार न घेता केवळ ठेवणाऱ्याच्या इच्छेने एखाद्या व्यक्तीला लागलेला शब्द म्हणजे यदृच्छाशब्द. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानणाऱ्या मीमांसकांना अशी नावे अडचणीची होती, इतकी की वेदात आलेल्या 'बबर प्रावाहणि' या नावात कोणी माणूस नसून वाहत्या वाऱ्याचा ध्वनी आहे, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. नैयायिकांची वाट तुलनेने मोकळी होती, कारण शब्दाची शक्ती म्हणजे 'या शब्दाने हा अर्थ समजावा' असा संकेत, आणि बालकाचे नाव ठेवताना पिता तोच संकेत करतो, असे त्यांना म्हणता येत होते. परंतु आडनावाचे बारसे कोणी करीत नाही. व्यक्तिनामाला निदान एक आरंभक्षण असतो; आडनाव मात्र पिढ्यानपिढ्या चालत येते, स्थलांतरात लिपी आणि भाषा बदलते, नोंद करणारा कारकून एक ऐकतो आणि शाळेतला शिक्षक दुसरे वाचतो. अशा स्थितीत प्रत्येक धारक आपले आडनाव उच्चारताना वारशाने आलेला संकेत नुसता पाळत नाही, तर नकळत तो नव्याने करतो, आणि म्हणूनच एका घरातल्या दोन भावांचे दोन संकेत एकाच वेळी खरे असू शकतात.

या मताला घेता येणारा सर्वांत बळकट आक्षेप पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ग्रंथात, आधीच मांडलेला आहे. वर्णमालेत 'ऌ' हा जवळजवळ निरुपयोगी स्वर कशासाठी शिकवावा, अशी शंका तेथे उपस्थित होते, आणि तिच्या उत्तरात, समजा एखाद्याचे नावच 'ऌतक' असेल तर त्याला हाक मारण्यासाठी हा स्वर लागेल, असे कारण पुढे येते. त्यावर प्रतिपक्ष म्हणतो की 'ऋतक' हा व्याकरणाने सिद्ध होणारा शब्द उपलब्ध असताना नावांच्या बाबतीतही तोच कल्पावा; तो माणूस ऋतकच आहे, ऌतक नव्हे. हा पक्ष पुढे यदृच्छाशब्द असे काही नसतेच, इथपर्यंत जातो. इटालियन नियम दाखवून ॲपिस बंधूंना दुरुस्त करू पाहणारा भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता याच पक्षात बसतो. त्याच्या भूमिकेत तर्कसंगती आहे, पण नावाचे मुख्य कार्य तिच्यातून निसटते, कारण नाव प्रथम हाक मारण्यासाठी असते आणि जिच्यावर माणूस वळून पाहत नाही, ती हाक शास्त्रशुद्ध असूनही विफल ठरते. शिवाय शुद्धतेचा हा कैवारी 'ऋतक'मधला 'ऋ' महाराष्ट्रात 'रु' असा आणि उत्तरेत 'रि' असा उच्चारतो, हेही विसरता येत नाही.

सगळे उच्चारभेद वरवरचे आहेत, मूळ शब्द एकच, असे म्हणून वाद मिटवण्याचा मोह येथे होतो. स्फोट म्हणजे शब्दाचे स्थिर रूप आणि ध्वनी म्हणजे त्याला प्रकट करणारा, कमीजास्त होणारा नाद, हा भेद समजावताना पतंजलीने दृष्टान्त घेतला आहे तो नेमका वाद्याचाच: भेरीवर प्रहार करून कोणी वीस पावले जातो, कोणी तीस, कोणी चाळीस, तोवर नाद ऐकू येत राहतो; स्फोट मात्र तेवढाच असतो, वाढ होते ती ध्वनीमुळे. पण हा दृष्टान्त द्रुत आणि विलंबित उच्चारांपुरता आहे. सावकाश उच्चारलेला 'अपीस' आणि घाईने उच्चारलेला 'अपीस' एकच ठरतात, पण 'अपीस' आणि 'ॲपिसी' यांत वर्ण आणि आघात दोन्ही वेगळे असल्यामुळे ते एकाच प्रहाराचे लांबलेले व आखूड नाद म्हणता येत नाहीत. ते दोन प्रहारच आहेत.

धारकाचा संकेत प्रमाण मानला तरी तो पाळणे ऐकणाऱ्याच्या आवाक्यात नेहमी असतेच असे नाही. मुंबईत 1951 साली जन्मलेले तालवादक त्रिलोक गुर्टू, विख्यात ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र, यांच्या आडनावातला 'ट' मराठी वाचकाला लिपीच सांगते. रोमन लिपीत मात्र 'ट' आणि 'त' एकाच अक्षरात बुडतात, आणि ज्याच्या भाषेत मूर्धन्य व्यंजनेच नाहीत त्याने 'गुर्तू' म्हटले तर दोष लिपीचा आणि जिभेच्या सवयीचा असतो. महाभाष्यात अशा चुकीला 'अशक्तिज', म्हणजे असमर्थतेतून आलेली, असा शब्द आहे आणि तिचे उदाहरण म्हणून 'ऋतक' म्हणू न शकल्याने 'ऌतक' म्हणणाऱ्या स्त्रीचा उल्लेख येतो. अशक्ती आणि अनादर यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे: पहिलीत जीभ वळत नाही, तर दुसऱ्यात ती वळवण्याची तसदीच कोणी घेत नाही.

त्या स्त्रीचे शब्द दुसऱ्याला सांगताना 'ऌतक' म्हणणाराही दोषी होतो काय, अशी शंका भाष्यात लगेच येते, कारण अशुद्ध उच्चार दाखवायचा तर तो करावाच लागतो. भाष्यकाराचे उत्तर असे की ब्रह्महत्या करणाऱ्याचे अनुकरण म्हणून जो स्वतः हत्या करील तो पतित होईल, पण जो त्याच्यासारखा आविर्भाव करून केळीचा खुंट तोडील तो होणार नाही. ज्या शब्दाचा अर्थच 'तो अपशब्द' असा आहे, तो शब्द स्वतः अपशब्द नव्हे. पिअर्टच्या चाहत्यांना सुधारताना "'पर्ट' नव्हे, 'पिअर्ट'" असे म्हणणारा प्रत्येक जण केळच तोडत असतो.