सुनेला बोल लावण्याआधी

वसई-विरारचं शहर मागे पडलं, की पालघर जिल्ह्यातले आदिवासी पाडे लागतात. इथल्या काही घरांत सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. जनुकातलं एकच अक्षर बदलतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, सांधे ठणकतात. आईबाप दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी जन्मण्याची शक्यता 25 टक्के. दिसायला मात्र दोघे ठणठणीत.

2023मध्ये ब्रिटनने या आजारावर जनुक-संपादनाचा उपचार मंजूर केला. तो रुग्णापुरताच, पुढच्या पिढीत उतरत नाही. चीनमध्ये 2018मध्ये भ्रूणाचीच जनुकं बदलल्याचं उघड झालं, ते करणारा शास्त्रज्ञ तुरुंगात गेला. दुखणं जरूर हटवावं. पण न जन्मलेल्यांचं रूप ठरवणारे आपण कोण? याचं उत्तर मिळेपर्यंत, आजारी मूल जन्मलं म्हणून सुनेला बोल न लावता लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासू या.