जरा सरकून घ्या

निवृत्त माणसाला रक्तदाबाच्या गोळीइतकीच आणखी एका गोष्टीची गरज असते, ती म्हणजे बसायला चौक. घरात बसला की तो अडचण होतो. चौकात बसला की ज्येष्ठ नागरिक होतो. माणूस तोच, धोतर तेच, खोकलाही तोच. पण जागा बदलली की किंमत बदलते. पुण्यात या जागेला कट्टा म्हणतात, मुंबईत बागेतलं बाक म्हणतात आणि अमेरिकेत टाऊन स्क्वेअर म्हणतात. फरक एवढाच, की आपल्याकडे पेन्शनर आधी बसतात आणि मग त्या जागेचा कट्टा होतो. अमेरिकेत चौक आधी बांधतात आणि मग पेन्शनरांना बोलावणं पाठवतात.

असं सर्वांत मोठं बोलावणं फ्लॉरिडा राज्यातून गेलं. तिथे ‘द व्हिलेजेस’ नावाची वसाहत आहे. नाव खेड्यांचं, पण एवढ्या खेड्यांत मिळून एक म्हैस नाही. हॅरॉल्ड श्वार्ट्झ आणि गॅरी मोर्स या बापलेकांनी १९८० च्या दशकात ती वाढवायला घेतली, आणि २०२० च्या जनगणनेत ती अमेरिकेतला सर्वांत वेगाने वाढलेला महानगर-विभाग ठरली. तेव्हा वस्ती एक लाख तीस हजारांच्या घरात होती. जवळजवळ सगळे केस पिकलेले. घरात निदान एक जण ५५ वर्षांचा हवा आणि १९ वर्षांखालच्या कुणी तिथे कायमचं राहायचं नाही. नातवाने यावं, पण वर्षाकाठी ३० दिवस. म्हणजे आमच्या बँकेत आम्हांला अर्जित रजा मिळते, साधारण त्या बेताने तिथे आजोबांना नातू मिळतो.

लोक गोल्फच्या चिमुकल्या गाड्यांतून भाजी आणायला जातात आणि संध्याकाळी चौकात जमतात. चौकात रोज फुकट गाणं-बजावणं असतं. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ते नाचतात, बाकीचे त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलतात. चौकातल्या इमारती जुन्यापुराण्या दिसतात. भिंतींवर त्यांचा इतिहास सांगणाऱ्या पाट्याही आहेत. गंमत म्हणजे हा इतिहास घडलेलाच नाही. सिमेंट, विटा आणि रंग यांच्याबरोबर बांधणाऱ्याने तोही पुरवला. आपल्याकडे घडून गेलेल्या इतिहासावरून डोकी फुटतात. तेव्हा न घडलेला इतिहास आयता बसवून घेणं तब्येतीला बरं, असंही कुणी म्हणेल.

अशा या सुखी चौकांत भाड्याची अपार्टमेंट्स काढायची कल्पना काही वर्षांपूर्वी विकासकाच्या मनात आली, आणि नाचणारे गुडघे ताठ झाले. वादाला सुरुवात झाली.

वादातले मुद्दे तुम्हांआम्हांला पाठ आहेत. कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या सभेत बसा, हेच ऐकू येतात. पार्किंग पुरणार नाही. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू उद्या आमच्याच गाण्याच्या आवाजाची तक्रार करील. आम्ही दरमहा वर्गणी भरून ज्या सोयी चालवतो, त्या तो फुकटात वापरील. आणि मुख्य म्हणजे, भाडेकरू कसला असेल कुणी सांगावं? विकासकाचा मुद्दा एकच, पण वजनदार: जागा माझी आहे.

प्रश्न इथेच सुरू होतो. चौक कुणाचा? ज्याच्या नावावर आहे त्याचा, की जो तिथे रोज बसतो त्याचा? कागद पाहिला तर उत्तर सोपं आहे. बँकेत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाने कागदाविरुद्ध बोलू नये. पण कागदाबाहेर किती देणी असतात, हेही काउंटरवरच कळतं. घर विकताना माहितीपत्रकात रंगीत चित्र असतं. चित्रात संध्याकाळ असते, वाद्यवृंद असतो आणि हसणारं म्हातारं जोडपं असतं. करारनाम्यात मात्र संध्याकाळ नसते. तिथे फक्त चौरस फूट असतात. म्हाताऱ्याने पैसे चित्राला दिले आणि सही चौरस फुटांवर केली. हे कर्ज कुठल्या खातेवहीत लिहायचं?

आता दुसरी बाजू. चौकातला हा म्हातारा तरी तिथला आहे का? तोही उपराच. मुंबईच्या लोकलमध्ये हा न्याय रोज पाहायला मिळतो. डोंबिवलीला जिवाच्या कराराने आत घुसलेला माणूस ठाणे येईपर्यंत डब्याचा मूळ रहिवासी झालेला असतो. ठाण्याच्या फलाटावरच्या गर्दीला तोच ओरडून सांगतो, ‘आत जागा नाही!’ मधल्या पंचवीस मिनिटांत त्याला मालकी हक्क प्राप्त झालेला असतो. तीन माणसांच्या बाकावर चौथा येऊन ‘जरा सरकून घ्या’ म्हणाला, की पहिले तिघे एकमेकांकडे असे पाहतात, जणू त्याने त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीतून रस्ता मागितला. तिकीट प्रवासाचं असतं, बाकाचं नसतं, हे तिघांनाही ठाऊक असतं. तरी पोटातून वाटतं, मी आधी आलो.

या ‘आधी आलो’ची किंमत किती? अमेरिकेतल्याच एका न्यायालयाने तिचा हिशेब एकदा मोठ्या शहाणपणाने केला होता. ॲरिझोना राज्यात फीनिक्सजवळ १९५९ साली डेल वेब नावाच्या बिल्डरने वीस हजार एकर जमीन घेतली आणि सन सिटी हे पेन्शनरांचं गाव वसवायला काढलं. त्याच्या जवळच १९५६ पासून गुरं पोसून तयार करण्याचे गोठे होते. गाव गोठ्यांच्या दिशेने वाढलं, गोठे गावाच्या दिशेने वाढले. पुढे पुढे गुरं तीस हजारांपर्यंत गेली आणि त्यांचं ओलं शेण दिवसाला दहा लाख पौंडांवर. माश्या आल्या, वास आला, आणि त्या बाजूची घरं खपेनात. वेबने गोठेवाल्यावर फिर्याद केली. गोठेवाला म्हणाला, मी आधी आलो.

१९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. म्हाताऱ्यांना माश्यांत राहायला लावता येणार नाही, गोठ्यांनी हलावं. पण ज्याने नफ्यासाठी म्हाताऱ्यांना गोठ्याशेजारी आणून बसवलं, त्याने गोठा हलवण्याचा वाजवी खर्च द्यावा. खटला जिंकलेल्या माणसाने हरलेल्याला पैसे द्यावेत, असा निकाल ऐकून वेबसाहेबांचा चेहरा कसा झाला असेल, हे आपण कल्पनेनेच जाणावं.

मला हा निकाल नीतीच्या जाड्या ग्रंथांपेक्षा जास्त पटतो. आधी येणं म्हणजे मालकी नव्हे. तसं असतं तर पृथ्वी झुरळांच्या नावावर करून द्यावी लागेल. पण आधी येणं म्हणजे शून्यही नव्हे. आधी आलेल्याने तिथे मुळं धरलेली असतात, आणि उपटायची तर मजुरी पडते. ती मजुरी कुणी द्यायची, एवढाच प्रश्न आहे. ज्याला हलवण्यात फायदा आहे त्याने द्यावी, हे उत्तर गोठ्याला लागू पडतं, तर चौकाला का पडू नये? पार्किंग, गाणं, दिलेला शब्द, सगळ्याचा हिशेब विकासकाकडे मागावा. ज्याने अजून सामानसुद्धा बांधलेलं नाही त्या भाडेकरूवर डोळे वटारून काय उपयोग? त्याचा गुन्हा एकच. तो उशिरा जन्मला, किंवा उशिरा निवृत्त झाला.

म्हाताऱ्यांची चीड मात्र मला हसण्यावारी नेववत नाही. तरुण माणसाला चौक बदलला तर दुसरा चौक सापडतो. पंचाहत्तरीच्या माणसाचं तसं नसतं. त्याने गाव सोडलं, अर्धं सामान वाटून टाकलं आणि हे शेवटचं बिऱ्हाड म्हणून इथे आला. ‘आता काही बदलायचं नाही’ एवढं एकच सुख त्याने विकत घेतलं होतं. पार्किंगबद्दल तो तावातावाने बोलतो, कारण पार्किंगबद्दल सभेत बोलता येतं. मला पुन्हा हलवू नका, हे सभेत बोलता येत नाही. इतिवृत्तात ते लिहायचं तरी कसं?

म्हणून त्याला कुणी स्वार्थी म्हटलं तर मी त्याची बाजू घेईन. आणि त्याने भाडेकरूला घुसखोर म्हटलं तर भाडेकरूची घेईन. दोघांना एकाच बाकावर बसवलं तर फारशी काळजी नाही. पहिले आठ दिवस ते बोलणार नाहीत. नवव्या दिवशी गुडघ्यांवरून विषय निघेल. आणि पुढे कधी विकासकाने आणखी एक मजला चढवायचा बेत काढलाच, तर सभेत पहिल्या रांगेत उभा राहून ‘आता जागा नाही’ म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारा माणूस म्हणजे हाच भाडेकरू असेल.