तसबिरीपुरते कपडे

आमच्या हैदराबादच्या घरी बाहेरच्या खोलीत आजोबांच्या कुटुंबाची एक तसबीर आहे. 1928 साली ती एका छायाचित्रकाराच्या दुकानी जाऊन काढवून घेतलेली. मागे रंगवलेल्या पडद्यावर संगमरवरी खांब आणि कुठेच न जाणारा एक जिना. पुढे आजोबा खुर्चीवर, शेजारी आजी, भोवती मुले. तीत आजीच्या अंगावर काळे लुगडे आहे. लहानपणी आम्हांला याचे फार नवल वाटे. ज्या घरात संक्रांतीखेरीज काळे वस्त्र पेटीबाहेर निघत नसे, त्या घरातल्या सुनेने आयुष्यातल्या पहिल्या छायाचित्रासाठी नेमका तोच रंग का निवडावा? एकदा विचारले, तेव्हा आजी हसली आणि तिने पेटीतून एक लालभडक लुगडे काढून आमच्यापुढे ठेवले. "हेच ते," ती म्हणाली.

त्या काळी पुष्कळ छायाचित्रकार ज्या काचा वापरीत त्यांना लाल रंगाची जाणच नसे. निळा रंग त्यांवर पांढुरका उतरे आणि लाल तो काळा होई. सर्व रंग ओळखणाऱ्या काचा तोवर निघाल्या होत्या, पण सगळीकडे त्या पोचल्या नव्हत्या. आजीने चार दिवस विचार करून, जावांना विचारून, तीन लुगडी उलगडून आणि घडी करून जो रंग ठरविला, तो यंत्राला दिसलाच नाही.

हे सगळे आठवण्याचे कारण असे की येत्या दिवाळीला आमच्या विस्तारलेल्या कुटुंबाचे एक छायाचित्र काढावयाचे घाटत आहे. पुतणीने पुढाकार घेतला आहे. छायाचित्रकाराने सांगितले म्हणे, की सर्वांनी एकाच फिक्या रंगाचे कपडे घालावेत. म्हणजे चित्र डोळ्यांना सुखावते. त्यावरून घरात दोन पक्ष पडले. तरुण मंडळी बदामी रंगावर एकमत होत आली आहेत. आणि आमच्या पिढीतले काहीजण म्हणतात, हा सगळा देखावा आहे, रोज घालतो तेच घालून उभे राहावे, खोटे कशाला बोलावे?

आम्हीही प्रथम या दुसऱ्या पक्षाचेच होतो. पण तसबिरीखाली उभे राहून विचार करू लागलो तेव्हा मनाची चलबिचल झाली. 'रोजचे' म्हणजे कोणते? आजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. कचेरीत शेरवानी. घरी पंचा. पूजेला सोवळे. लग्नमुंजीला धोतर, उपरणे आणि अंगरखा. एका दिवसात ते तीन वेळा वेष पालटीत आणि तिन्हींत तेच असत. सरकारी चाकरीतल्या हिंदूने शेरवानी घालावी यात त्या काळच्या हैदराबादेत कोणाला काही वावगे दिसत नसे. ते मुसलमानाचे वस्त्र नव्हते, दरबाराचे होते. तरीही छायाचित्राच्या दिवशी त्यांना कोडे पडलेच. शेवटी त्यांनी गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी घातली आणि डोक्याला घरचा रुमाल बांधला. ही तडजोड त्यांना शोभत नाही, असे आमचे प्रामाणिक मत आहे. पण ती त्यांची आहे, यात शंका नाही.

त्या शेरवानीची पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. 1948 च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर कोण्या नातेवाइकाने सुचविले की ही तसबीर आता बाहेर नको, लोक भलते समजतील. ती आतल्या खोलीत गेली. पुढे काही वर्षांनी एका काकांच्या ध्यानात आले की दिल्लीला पंतप्रधान नेहरूही तशाच बेताचा, फक्त छातीवर गुलाब असलेला पोशाख करतात. आणि तसबीर पुन्हा बाहेर आली! आजोबा मात्र सारा वेळ त्याच खुर्चीवर, त्याच गुंड्या लावून बसलेले होते. कपड्याचा अर्थ घालणाराच ठरवतो असे नाही, तो पाहणाराही ठरवतो, आणि पाहणारा बदलत राहतो. मग 'खरा वेष' घालून उभे राहू म्हणणाऱ्याने कोणत्या पाहणाऱ्यापुढे खरे ठरावयाचे?

शिवाय नटून उभे राहण्यात मुळात खोटेपणा आहे, हेही आम्हांला आता पटत नाही. दारी पाहुणा यावयाचा असला की आपण अंगणात सडा घालतो, धुतलेले वस्त्र नेसतो. आमच्या घरी नेहमीच सडा असतो असे कोणी पाहुण्याला सांगत नाही आणि पाहुणाही तसे समजत नाही. देवाच्या पूजेतसुद्धा वस्त्र हा एक उपचार आहे. जे नातवंड अजून जन्मलेले नाही, ते पन्नास वर्षांनी आपल्यापुढे येऊन उभे राहणार आहे. त्याच्यासाठी केस विंचरून बसावे, यात लपवाछपवी कसली? आजोबांच्या पडद्यावरचा तो जिना खोटा होता हे आम्हांला वयाच्या सहाव्या वर्षी कळत होते, आणि त्याने आमची कसलीही फसवणूक झाली नाही.

फसवणूक झाली ती दुसरीकडे. आजोबांच्या थोरल्या वहिनी त्यांच्याच घरी असत. सगळे त्यांना काकू म्हणत. विसाव्या वर्षी वैधव्य आले, केशवपन झाले, अंगावर लाल आलवण आले. छायाचित्राच्या आदल्या रात्री घरातले सगळे कपडे त्यांनीच तयार केले. घरी इस्त्री नव्हती; पितळी तांब्यात रसरशीत निखारे घालून, त्याचा बूड ओल्या फडक्याने पुसून, त्या एकेक कपडा दाबीत बसल्या. सकाळी मुलांच्या वेण्या त्यांनी घातल्या, आजीच्या लुगड्याचा काष्टा त्यांनी नीट केला. मग सगळे टांग्यात बसून गेले आणि काकू घरी राहिल्या. कोणी त्यांना 'येऊ नका' म्हटले नाही, आणि 'चला'ही म्हटले नाही. घरी कोणीतरी असावयास हवे होते, एवढेच कारण आजीने सांगितले. सांगताना तिने आमच्याकडे पाहिले नाही.

काचेचा तो दोष कळल्यापासून हे चित्र आमच्या मनात घोळत राहिले आहे. आजीचे लुगडे लाल होते, काकूंचे आलवणही लाल होते. त्या काचेवर दोन्ही सारखीच काळी उतरली असती. सुवासिनीचा लाल आणि विधवेचा लाल यांतला जो भेद सबंध घराला, सबंध गल्लीला दुरून कळत होता, तो त्या यंत्राला कळला नसता. काकूंची एकही प्रतिमा आज घरात नाही. फक्त तसबिरीजवळ जाऊन पाहिले तर आजोबांच्या शेरवानीवर एकही सुरकुती दिसत नाही.

आता आमच्याकडचे सांगतो. न सांगता हे लिहिणे बरे नाही. नांदेडला आमचा एक चुलतभाऊ असतो. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, नांदेड तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून येणेजाणे बेताचेच. परिस्थितीही बेताची. घरात पाच माणसे. बदामी रंग ठरतो आहे असे दिसताच आम्ही, शेरवानी आणि सडा यांचा एवढा विचार केलेल्या आम्हीच, त्याला फोन करून सांगितले की काळजी करू नकोस, तुम्हां पाचजणांचे कपडे आम्ही पाठवून देतो, फक्त मापे कळव. आपण मोठे औदार्य करीत आहोत असे आम्हांला वाटत होते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "दादा, कपडे आहेत आमच्याकडे."

दोन दिवस आम्हांला झोप नीट लागली नाही. आपण त्याला बोलावीत होतो की आपल्या चित्रातली एक जागा भरून काढीत होतो? काकूंना घरी ठेवणाऱ्यांनाही चित्र चांगलेच यावयास हवे होते. आम्ही मात्र त्याला घरी ठेवीत नव्हतो, एवढे म्हणून काही काळ आम्ही स्वतःचे समाधान करून पाहिले. ते टिकले नाही.

पुतणीला आम्ही सांगितले, रंगाचे सोड. ती थोडी रुसली. तिचे म्हणणे असे की चौदा माणसे चौदा रंगांत उभी राहिली तर चित्र बाजारासारखे दिसेल. दिसेलही. तिला यातले फारसे पटले आहे असे वाटत नाही, आणि तिची बाजू अगदीच पोकळ आहे असेही आम्ही म्हणत नाही. भावाला पुन्हा फोन केला. माफी मागणे जमले नाही. या वयात ते जमत नाही. गाडी किती वाजता येते, मुलांना सुट्टी कधी लागते, एवढेच बोललो. तो येतो म्हणाला, पाचहीजण येतात म्हणाला. काय घालून येणार ते त्याने सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.