‘मलाख’: देवदूत आणि जासूद

हिब्रू भाषेतील ‘मलाख’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘निरोप देऊन पाठवलेला’ एवढाच असून, तो माणूस की स्वर्गीय सत्त्व हे संदर्भावरून ठरते. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 32व्या अध्यायात याकोबाला वाटेत भेटतात ते देवाचे मलाख, आणि दुखावलेल्या एसावाकडे, म्हणजे आपल्या थोरल्या भावाकडे, तो धाडतो तेही मलाखच, मराठीत मात्र पहिल्यांना देवदूत आणि दुसऱ्यांना जासूद म्हणावे लागते. कोकणातील मराठीभाषक ज्यूंचा बेने इस्राएल समाज एलियाहू या संदेष्ट्याच्या, म्हणजे देवाचा शब्द लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्याच्या, नावाने गोड पोह्यांचा मलिदा करतो, तेव्हा तोही पाठवलेल्याचाच मान असतो. दूताची थोरवी पंखांत नसून त्याच्यावर सोपवलेल्या निरोपात असते.